फेरफार

महापे एमआयडीसी, गाळा सतरा, पोटमाळा.
खाली बादल्यांचा साचा उघडतो, मिटतो, उघडतो;
वर आम्ही सहा जण वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो.
"मढवी," साहेब म्हणाले, "सगळ्यांचा कोड एका जागी ठेव.
हे असं पुरे झालं."
हे असं म्हणजे: काटा_अंतिम, काटा_अंतिम_२,
काटा_खरंच_अंतिम,
काटा_देवनाथचा_हात_लावू_नये.

मिळालं ते अकाउंट्सने काढून टाकलेलं खोकं,
पंखा खोकणारा.
त्यावर लिनक्स चढवलं. गिट नावाचा वापरकर्ता केला,
त्याला घर दिलं, पण शेल दिलं नाही:
उंबऱ्याशी येतो, गाठोडं देतो, गाठोडं नेतो,
आत पाय ठेवत नाही.
मग एक नागडी रिपॉझिटरी,
जिच्यात बसून काम करायला जागाच नसते,
ती फक्त लक्षात ठेवते.

चाव्या मागवल्या. ओवेसने खाजगी चावी पाठवली,
तीही व्हॉट्सॲपवर, सोबत अंगठा.
म्हटलं, बाबा रे, मला कुलूप दे,
किल्ली तुझ्या खिशात राहू दे.
ही फेकून दे आता, नवी कर.

नियम घातला: निरोप लिहिल्याशिवाय कमिट घेणार नाही.
त्यांनी लिहिलं, 'बदल'.
नियम घातला: दहा अक्षरांहून कमी चालणार नाही.
त्यांनी लिहिलं, 'बदल बदल बदल बदल'.
देवनाथ एकटा लिहायचा:
'पावसात काट्याखाली पाणी साचतं, शून्य हलतं, म्हणून ही ओळ.'

पावणे गावात आमच्या घरी पत्र्याची पेटी आहे.
बाबांना तिच्यातले फेरफार पाठ आहेत, क्रमांकासकट:
कोणाचं नाव कधी चढलं, कशाने उतरलं,
संपादन झालं तेव्हा आजोबांच्या नावाला कसा कंस पडला.
तलाठी खोडत नाही, कंसात घालतो.
"कंसान हाय," बाबा म्हणतात, "पन हाय."
एकदा त्यांना स्क्रीनवर दाखवलं,
ही वजा चिन्हाची लाल ओळ, ही अधिकची हिरवी,
हा माणूस, ही तारीख, हे कारण.
बराच वेळ बघून त्यांनी विचारलं,
"तलाठी कोन?"

मी.

मार्चमध्ये वैधमापनवाल्यांचं पत्र आलं.
साहेब पोटमाळ्यावर चढले, खुर्ची ओढली.
दोन वर्षांपूर्वीच्या एका कमिटात
वजन पाच किलोने खाली बसवणारी ओळ होती,
तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्यासाठी.
तीन महिन्यांनी काढली, पण काढलेलीही दिसते.
नाव देवनाथचं. आणि देवनाथ कारण लिहितोच:
'साहेबांनी फोनवर सांगितल्यावरून.'
"रूट तुझ्याकडे आहे ना? हे काढता येतं ना?"

येतं.
आज्ञा मला पाठ होती. बोटांनाही होती.

म्हटलं, साहेब, वही एकच असती तर पान फाटलं असतं.
इथे प्रत्येकाकडे अख्खी वही आहे.
ओवेसच्या लॅपटॉपवर, देवनाथच्या दिघ्याच्या खोलीत,
ती अबोली नोकरी सोडून पुण्याला गेली, तिच्याकडेही असेल.
खाली साचा तीनदा उघडला, मिटला.
"बघ," ते म्हणाले, आणि उठले.
बघ म्हणजे काय, ते कुठल्याच निरोपात लिहिलेलं नाही.

संध्याकाळी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली:
मागचं बदलून ढकलाल तर घेतलं जाणार नाही.
ती ओळ माझंच रूट उद्या पुसू शकतं,
हेही मला ठाऊक आहे.

शुक्रवारी बॅकअपची डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी नेली.
बाबांनी पेटी उघडली,
सातबारे जरा सरकवले,
डिस्क हातात घेऊन उलटी-सुलटी केली.
"ओली नाय ना?"