डावीकडे पळणारा

हिल्के म्हणतो, हे पांढरं मुळात पांढरं नसतंच.
आत पिवळट माती, वर कथलाची झिलई.
कडेची झिलई उडाली की
किडलेल्या दातासारखी माती दिसते.
बेचाळीस वर्षं तो मला हे सांगतोय,
मी बशा विसळत असताना.

हार्लिंगेनच्या जलद्वारावर नोकरी केली त्यानं.
पगार पाण्यातून आला नि मातीत गेला.
जिन्याच्या पायरीपायरीवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीबाही:
तडा गेलेली औषधाची बरणी,
शिंग नसलेली गाय,
अर्धं ताट, ज्यावर जहाज आहे, समुद्र नाही.
चिनी मातीची नक्कल करायला निघालेली ही भांडी
वाटेतच डच झाली, असं तो म्हणतो.
मी म्हणते, धूळ मात्र दोन्हींवर सारखीच बसते.

झोपायच्या खोलीत फक्त एक टाईल.
वीतभरही नाही.
चार कोपऱ्यांत चार निळ्या बैलमुंड्या,
मध्ये एक पोरगा
पिंपाचं कडं काठीनं हाकत
उजवीकडे पळतोय,
तोंड घट्ट मिटून.

कागदावर चित्र टोचून घ्यायचे म्हणे,
टाईलवर ठेवून वरून कोळशाची पूड थापटायची,
मग ठिपक्याठिपक्यांवरून निळी रेघ.
कागद पालथा पडला
तर तोच पोरगा डावीकडे.
"म्हणजे डावीकडचा असणारच.
कुठेतरी."
आमच्या लग्नाआधीपासून हे "कुठेतरी".

मार्चमध्ये वोमेल्सहून यित्स्केबाईंचा फोन आला.
शेतावरचं घर, स्वयंपाकघर,
शेगडीमागे तेलकट भिंत.
हिल्केनं ओल्या फडक्यानं एक घास पुसला
आणि डावीकडे पळणारा समोर आला.
मी नवऱ्याला असा गप्प
फक्त दवाखान्यात पाहिलाय.

"निघत असेल तर न्या," बाई म्हणाल्या,
"मला आता दिसतोय कुठे."
त्यानं नखानं सांधा खरवडला.
नख तुटलं.
शिंपल्यांचा चुना असता
तर शिळ्या पावासारखा भुगा झाला असता,
हे सिमेंट होतं.
"धुराड्याला आग लागली त्या वर्षी
वडिलांनी पुन्हा बसवली.
त्यांना सगळं पक्कं लागायचं."

त्यानं छिन्नी काढली.
ठेवली.
पुन्हा काढली, अंगठ्यानं धार पाहिली.
मी दालचिनीच्या केकचा दुसरा तुकडा घेतला,
कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

मग म्हणाला, "टाचणी आहे का घरात?
आणि केकच्या भांड्यात घालता तो कागद?"

दीड तास.
आधी पेन्सिलीनं उतरवला,
मग टेबलावर, घडी केलेल्या टॉवेलवर,
टोच, टोच, टोच,
वाकलेली पाठ, नाकावर घसरलेला चष्मा.
बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या:
"नेहमी असेच असतात का हे?"
मी म्हटलं, "नाही.
नेहमी पैसे मोजत असतात."

रात्री दिव्याखाली त्यानं कागद पालथा केला,
आमच्या पोरावर ठेवला.
बैलमुंड्या जुळल्या. काठी जुळली.
टाच, टोपी, पोटरी.
कडं जुळेना.
अर्धं बोट पुढे निसटलेलं,
आणि जिथे आमच्याचे ओठ मिटलेले
तिथे भोकांचा एक छोटा गोल.

"दुसऱ्या कुणाचा हात," हिल्के म्हणाला,
"किंवा संध्याकाळचा उजेड."
मी म्हटलं, "ओरडत असेल.
कडं सुटलं तर पोरं ओरडतातच."
त्यावर तो काही बोलला नाही.
कोळशाची पूड मागितली,
शेकोटीतून खरवडून दिली मी.
कशावर थापटायची हे काही ठरेना,
तसाच झोपला, हात न धुता.

सकाळी त्याच्या उशीच्या अभ्र्यावर
काळे ठिपके.
डावीकडे जातायत की उजवीकडे
हे मी बराच वेळ बघत उभी होते.
सोमवार होता. धुण्याचा वार.
बाकीचे कपडे टाकले मशीनमध्ये.