काटा

आधी घड्याळ काढलं, मग कवळी,
मग नर्स म्हणाली, करदोडाही काढावा लागेल.
गाठ सुटेना.
चाळीस वर्षं घाम प्यायलेली गाठ.
तिनं कात्री मागवली
तशी आई भिंतीला टेकली,
"कात्री नको गं बाई,
ह्याला कात्री एकदाच लावतात."
मग मीच बसले नखांनी उकलत,
आत टेबल खोळंबलेलं
आणि अण्णा छताकडे बघत म्हणाले,
"पोत्याची शिवण असती
तर एका ओढीत सोडली असती मी."

अण्णा. हिंदुराव. बिल्ल्याचा नंबर सांगितला
की वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
अजून कुणीतरी मान वर करतं.
नुसतं बघून वजन सांगायचे,
"पन्नासला दीड किलो कमी आहे, शेठ."
काटा मागाहून तेच बोलायचा.

काचेपलीकडच्या पोरानं विचारलं,
देशी घालायचा की बाहेरचा?
पुण्याहून दादा फोनवर, चांगला घाला.
चांगला म्हणजे कुठला, ते त्यालाही माहीत नव्हतं,
मलाही नाही,
आणि मागे रांगेत दोन माणसं उभी होती.
फॉर्मवर तिसऱ्या ओळीत
मृत्यू हा शब्द होता, बारीक अक्षरात.
आईनं विचारलं, काय लिहिलंय?
मी म्हटलं, पत्ता.

मनगटातून तार गेली. पाऊण तास.
बाहेर आई काहीच पुटपुटली नाही,
मुठीतल्या करदोड्याचा पीळ
उलगडत राहिली, पुन्हा घालत राहिली.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं,
इथे नव्वद टक्के बंद होतं, आता बघा.
आई बघत नव्हती. तिनं विचारलं,
"आत गंजायचा नाही ना?
कोपरखैरण्यात आमची ग्रिल
तीन वर्षांत जाते, खाडीच्या हवेनं."
डॉक्टर म्हणाले, नाही गंजत.
मग अण्णांनी विचारलं, झोपूनच,
"वजन किती भरंल ओ त्याचं?"
डॉक्टर थांबले.
म्हणाले, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर माणसं येतात, शहाळी आणतात.
अण्णा समजावून सांगतात,
दोन गाळ्यांमधली बोळ, हातगाडी आडवी,
मागं सगळा माल थांबलेला.
गाडी सरळ केली, एवढंच.
आणि माणसं गेली की
कागद पुन्हा काढतात, पुन्हा वाचतात:
पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये.
"पाच किलोला आम्ही वजन म्हणत नव्हतो, शालन."
आई ऐकते. लोणच्याची बरणी
तिनं शेजारच्या धुमाळवहिनींकडे ठेवलीय,
ती कुणाकडे आहे ते अण्णांना माहीत आहे.

सकाळच्या गोळ्या दोन, रात्रीच्या तीन,
त्यातली एक चुकली तर काय होतं
हे मी विचारलं होतं
आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं.
साध्या ढेकरानंही घर थांबतं.

रात्री आई त्यांच्या नाकाशी हात धरते.
अण्णा जागेच असतात.
तिला कळावं म्हणून
श्वास जरा मोठ्यानं सोडतात.
मी दाराआडून ऐकते, जाऊन झोपते,
असं महिनाभर.

काल दोघं भाजीला गेली, सेक्टर पंधरात.
पिशवी आईच्या हातात.
अण्णा शेजारून चाललेले,
हात कुठे ठेवावेत ते न कळून
कधी मागे बांधलेले, कधी खिशात.
कांदेवाल्यापाशी थांबले.
ढिगाकडे बघितलं. काही बोलले नाहीत.
पुढं गेले.

आज आईनं नवा करदोडा आणला.
काळा, तसलाच.
बांधताना मात्र तिनं सुरगाठ मारली,
एका ओढीत सुटेल अशी.
अण्णांनी खाली वाकून पाहिली,
तिच्याकडे पाहिलं,
आणि नुसतंच पोट आत घेतलं,
तिला बांधायला सोपं जावं म्हणून.