अंजनी

सड्यावरची झुडपं साफ करून
रुपेश कुळये संध्याकाळी आमच्या गडग्याशी थांबला.
जेसीबीच्या फावड्यात एकच खोड,
मुळांना धरून राहिलेला जांभा,
फांद्यांना चुरगळलेलं निळसर काहीतरी.
"बाई, हिला टाकवेना. ठेवता?"
का टाकवेना, ते सांगितलं नाही.
इंजिन चालूच होतं.

धुण्याच्या दगडामागं पहारीनं खड्डा केला.
पहार तीनदा ठिणगी देऊन परतली.
म्हटलं, आता तुझं मशीन आण की.
तो हसला, आणि हातानंच माती लोटली.

पानं गळली. फांद्या वाळल्या.
जैबूनबी वाटेवरून म्हणाली,
"अगो, सरपण लावलंस दारात?"
खोटं नव्हतं. आमच्याकडं अंजनी म्हणजे
चुलीत कडकडून पेटणारं लाकूड,
शिमग्याआधी रचून ठेवायची मोळी.
नर्सरीतून आणलेले क्रोटन
तिच्या शेजारी लग्नाला आल्यासारखे उभे.
त्यांच्यावर कधी माशीही बसली नाही.

मी तिला बुंध्यापर्यंत छाटली.
श्रावणात बुडाशी दोन डोळे फुटले,
मग चामड्यासारखी पानं,
मग काहीच नाही. दोन वर्षं. तीन.
अंजनीला घाई नसते. मला होती:
गुडघे, हयातीचा दाखला, मुलीचे फोन.

यंदा माघ सरताना
भांडी विसळता विसळता वाटलं,
विहिरीवरची मोटार चालू राहिली.
जाऊन पाहिलं. बंद.
आवाज झुडपातून येत होता.

जून फांदीवर थेट, देठाबिठाचं न बघता,
पांढऱ्या कपड्यांच्या निळीची पुडी
कोणी झटकून द्यावी तशी फुलं.
सातेरी आल्या होत्या, फुलोरी,
तिळाएवढ्या कोत्या,
आणि एक काळा भुंगा:
फुलाला मिठी मारून अंग थरथरवी,
गर्रर्र, थांबे, गर्रर्र,
मग पोटाला पिवळी धूळ.

रुपेशला फोन केला. आला तो मशीन घेऊनच,
सड्याच्या दुसऱ्या टोकाला प्लॉट पडतायत म्हणे.
या वेळी इंजिन बंद केलं.
बराच वेळ नुसता उभा.
"हाच आवाज," म्हणाला, "त्या दिवशी.
मला वाटलं मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय.
बंद करून खाली उतरलो,
तरी चालूच."

चहा घेतला नाही.
निघताना विचारलं,
अजून दोन आणल्या तर जागा आहे का.

मी क्रोटनांकडं बघितलं.