डावीकडे, खाली

उजवीकडे दुखलं असतं तर मीच म्हणालो असतो, अपेंडिक्स.
हे डावीकडे, खाली, पट्ट्याच्या आत,
एका बोटाने दाखवता येईल एवढ्या जागेत.
शनिवारी रावपुऱ्यात स्कॅन.
डॉक्टर झवेरी, माझ्या मुलीहून लहान,
पडद्यावर पेनचं टोक टेकवून म्हणाली,
आतड्याच्या भिंतीला खिसे पडलेत, काका,
बऱ्याच वर्षांचे असतील. त्यातला एक सुजलाय.
फुटलेला नाही. पू नाही.
अँटिबायोटिक देत नाहीये मी.

देत नाहीये.
दांडिया बाजारात चौतीस वर्षं माझं औषधांचं दुकान.
तिच्या चिठ्ठीवर एक दुखणं थांबवायची गोळी,
मग पाणी, पेज, नारळपाणी
आणि तारीख: मंगळवार.
खाली रेघ मारून: ताप चढला, थंडी भरली,
पोट लाकडासारखं झालं
तर मंगळवारची वाट पाहू नका.

सुमती म्हणाली, आठशे रुपये घेऊन रिकाम्या हाताने पाठवलं?
मी म्हटलं, हुशार आहे पोरगी.
मनात मात्र मीही आठशेच मोजत होतो.

रविवारी रात्री दोन वाजता जिना उतरून
मागच्या दाराने दुकानात आलो.
डाव्या हाताचा तिसरा खण
मला दिवा न लावता सापडतो.
सिप्रो. त्याखाली मेट्रो,
जिच्याने दिवसभर तोंडात
तांब्याचा पैसा चघळल्यासारखं होतं.
स्ट्रिप हातात धरून स्टुलावर बसलो.

ह्याच स्टुलावरून मी
रिक्षावाल्या इद्रिसभाईला तीन गोळ्या दिल्या,
पाचाचे पैसे नव्हते म्हणून.
मांडवीच्या बाईंना सर्दीवर.
सावंत मास्तरांना, "मागच्या वेळची तीच द्या."
कुणी मेलं नाही.
कोण कशाने बरं झालं
हे मी कधी विचारलंही नाही.

पण ह्याच मेट्रोने, बाटलीतून, थेंब थेंब,
शिर्क्यांना सयाजी हॉस्पिटलातून परत आणलं होतं.
त्यांचा खिसा फुटलेला, पोटात पू, अंगात एकशे तीन.
सायकलच्या हँडलला पिशवी लावून
बाटल्या मीच पोचवायचो.
नवव्या दिवशी त्यांनी चहा मागितला
आणि मी वॉर्डाच्या दारात, पावती हातात घेऊन, रडलो.

मग मला का नाही?

थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पॉइंट चार.
झटकून पुन्हा लावला. तेच.
शिर्क्यांचं पोट फळी झालं होतं.
माझं दाबून पाहिलं: मळलेली कणीक,
एकाच जागी गुठळी राहिलेली.
प्रत्येक सुजेला गोळी लागतेच असं नाही, ती म्हणाली होती,
अशी साधी असली तर बहुतेकांची
अंगच निस्तरतं. आपण लक्ष ठेवायचं.
लक्ष ठेवायचं!
मला तेव्हा वाटलं होतं,
ही काय दुधाची पातेली आहे?

स्ट्रिप खणात ठेवली.
धीर होता म्हणून नव्हे. झोप आली होती.

सोमवारी धवलने शटर वर केलं.
समोरच्या गाडीवर सेव-उसळीचा रस्सा उकळत होता,
लाल, तेलाचा तवंग आलेला,
आणि मी पेजेचा दुसरा पेला घेऊन गल्ल्यावर.
दुखणं होतं तिथेच होतं,
पण आता ते बोटाने शोधावं लागत होतं.

एक मुलगा आला, हेल्मेट न काढता:
काका, बे गोळी आपो ने, एझिथ्रो,
गळुं पकडायुं छे.
ताप आहे? किती दिवस झाले? चिठ्ठी?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी शनिवारी झवेरीकडे पाहिलं होतं,
आणि बाजूच्या दुकानात गेला.

धवल म्हणाला, काका, साठ रूपिया गया.

मी पेज ढवळली.
मीठ कमी होतं.