सोळा अंश

वेंगुर्ल्यात वीज गेली, तेव्हा पास्कोलने
बंदरावरून बर्फ आणला,
बांगड्याचा वास लागलेला.

कपाटात माझे कृमी.
त्यांचे पूर्वज कुजक्या काजूबोंडातले;
एका जनुकातलं एक अक्षर मी बदललेलं.
सोळा अंशांवर त्यांचं बीज पिकतं,
पंचविसावर
गोलच राहतं, पाय फुटत नाही.

शेपूट त्याला नसतंच.
पोहत नाही ते, सरपटतं,
ओहोटीच्या चिखलावर गोगलगाय जाते तसं.
आधी बीज, मग अंडी, एकाच देहात;
पाळी जनुकं ठरवतात.

‘एकोणीस,’ मी म्हटलं.
पास्कोल आणखी एक लादी आणायला गेला,
काही न विचारता.

पहाटे वीज आली.
भिंगाला डोळा लावून तो बराच वेळ गप्प,
मग म्हणाला,
‘ह्यां तर चालता!’