बोंडू काट्यावर

सावईवेऱ्यात कुत्र्याचं वजन करायला
बागायतदारांचा सुपारीचा काटा.
बत्तीस किलो.
शाणू विचारतो, "बारदान धरून?"

डॉक्टरीण म्हणाली, चोवीस हवेत. पाव बंद.
आता पोदेराचं पोंपों ऐकलं
की बोंडू फाटकाशी, आणि मी
न्हाणीघरात, नळ सोडून.

रोज चार उंडे.
सुलक्षा लिस्बनला गेली
तरी मी चारच घेत राहिलो.
हे डॉक्टरणीला सांगितलं नाही.

संध्याकाळी कुळागरातून चालतो दोघं,
पाटाच्या कडेकडेनं.
चढणीवर मी थांबतो,
त्याच्यासाठी म्हणून.

चवथीनंतर पुन्हा काटा. साडेएकोणतीस.
शाणूनं चक्क पावती फाडली:
नग एक. अजून ओला आहे.
सुकला की भाव येईल.