टवका

वादी कबीर, तिसरा मजला, दुपारचे दोन.
एसी चोवीसवर ठेवा, म्हटलं,
बाहेरच्या उन्हात हा रस
वाटीतच दगड होतो.

काळा ग्रॅनाइट. सिंकजवळ काठाचा टवका उडालेला,
तिथून आत शिरलेली केसाएवढी भेग.
"कुकर पडला," सिस्टर वैजयंती म्हणाल्या.
शुक्रवारी घर सोडायचं. मालक अनामत कापणार.

दाभणाने भेग कोरली.
टोकाला काथ्याची एक तार आली.

कुकरला शेंडी नसते.

मी श्रीवर्धनचा. बोललो नाही.
कसला नारळ, कुणासाठी फोडला,
इथे एकटीने, ओट्याच्या काठावर,
विचारलं नाही.
अ‍ॅसिटोनने पुसलं. टेप लावली.
दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर,
काजळी चिमटीच्या टोकावर मावेल तेवढीच,
जास्त झाली की जागा ओरडते.

त्या पाठमोऱ्या, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवत होत्या.
महिना उलटायचा राहिला होता.

तासाभराने ब्लेडने फुगवटा तासला.
हात फिरवून बघा, म्हटलं.
त्यांनी फिरवला. मग पुन्हा, डोळे मिटून.

बारा रियाल ठरले होते.
विसाच्या नोटेवर मी दहा परत दिले.
हे काय, म्हणाल्या.
म्हटलं, सुट्टे नाहीत.